खोडदच्या विज्ञान दिनाला ४२ मुलांना न्यायचे आहे : काय पाहावे आणि काय सोडावे?

प्रवराकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी संगमनेर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. येत्या २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, आमच्या ४२ मुलामुलींना जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, दाखवायला न्यावे असे आम्ही ठरवत आहोत. विज्ञान दिनाच्या सुमारास तेथे सर्वांना प्रवेश असतो, ठिकठिकाणच्या शाळा-महाविद्यालयांचे प्रकल्प मांडलेले असतात, व्याख्याने होतात आणि शास्त्रज्ञ स्वतः मुलांशी बोलतात, असे ऐकले आहे. चंदनापुरी घाट ओलांडून आळेफाट्यावरून जायचे म्हटले तर प्रवास फार मोठा नाही. पालकांची सभा झाली आणि गाडीभाड्याला बहुतेकांनी होकार दिला. ज्यांना शक्य नाही त्यांचे पैसे आम्ही शिक्षक मिळून भरणार आहोत.

माझी काळजी वेगळी आहे. तीन वर्षांपूर्वी एका शहरातील मोठ्या विज्ञान प्रदर्शनाला मी मुलांना घेऊन गेले होते. तेथे साठ-सत्तर दालने होती आणि आम्हाला दोन तास मिळाले होते. एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवलेली मुलांची रांग दालनांसमोरून सरकत राहिली आणि प्रत्येक ठिकाणी कोणीतरी घाईघाईने पाठ केलेले चार वाक्यांचे स्पष्टीकरण देऊन 'पुढे चला, पुढे चला' म्हणत राहिले. सातवीतील एका मुलीने फिरत्या चाकाचा एक प्रयोग पाहून चाकाकडे हात नेला, तेव्हा दालनावरील विद्यार्थ्याने ते चाक चटकन मागे ओढून घेतले. परत आल्यावर मी सर्वांना अनुभव लिहायला सांगितला. बहुतेकांनी गाडीतील गाण्यांविषयी आणि आइस्क्रीमविषयी लिहिले. त्या मुलीने एवढेच लिहिले होते : 'तिथे हात लावू नये असे होते.' ती वही अजून माझ्या कपाटात आहे.

यावेळी तसे होऊ नये असे मनापासून वाटते. म्हणून जाणकारांना विचारते. खोडदला पोहोचल्यावर आधी काय पाहावे? गर्दी खूप असेल तर काय सोडून द्यावे? जाण्यापूर्वी वर्गात कोणती तयारी करून घ्यावी? आणि एक विषयातील अडचण : 'रेडिओ दुर्बीण आकाशातील आवाज ऐकते' असे मुले म्हणतात आणि मलाही ते नीट खोडून काढता येत नाही. रेडिओ म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर गाणीच येतात. हे सहावीच्या मुलाला कळेल असे कसे सांगावे?

---

मृगनक्षत्र यांचे उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण नेमके हेच प्रश्न सहलीच्या आदल्या दिवशीपर्यंत कोणी विचारत नाही. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना सलग दोन वर्षे या विज्ञान दिनाला स्वयंसेवक म्हणून गेलो होतो आणि मुलांच्या झुंडीच्या झुंडी माझ्यासमोरून गेल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगतो.

आधी तुमच्या अडचणीविषयी, कारण ती सुटली तर बाकीचा दिवस आपोआप चांगला जातो. रेडिओ लहरी म्हणजे आवाज नव्हे. त्या प्रकाशाच्याच जातीच्या लहरी आहेत. फरक एवढाच की त्यांची लांबी मोठी असते आणि आपल्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत. हे वाक्य फळ्यावर लिहून मुलांच्या मनात उतरत नाही, पण एका जुन्या ट्रान्झिस्टरने दहा मिनिटांत उतरते. वर्गात एखादे एफएम केंद्र लावा, अँटेना मिटवून घ्या आणि चालू रेडिओ स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये कुठेही फट न ठेवता पुरता गुंडाळा. केंद्र निघून जाते आणि खरखर उरते. आता मुलांना विचारा, की ही खरखर आपल्याला बाहेर ऐकू येते आहे, म्हणजे आवाज फॉइलमधून बाहेर येतो आहे, मग गाणे कुठे गेले? थोडा वेळ कोणी बोलणार नाही. मग कोणीतरी म्हणेल की गाणे आत पोहोचतच नाही. तेथेच मुलांना कळते की हवेतून रेडिओपर्यंत येते ती गोष्ट वेगळी आणि रेडिओच्या कर्ण्यातून कानापर्यंत येते तो आवाज वेगळा. पहिली गोष्ट धातूने अडवली, दुसरी अडवली नाही. दूरच्या आकाशगंगेतून दुर्बिणीपर्यंत येते ती पहिल्या जातीची. अवकाशात हवाच नाही, त्यामुळे तेथून आवाज येण्याचा प्रश्नच नाही. कुठे स्पंदकाचे, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणाऱ्या पल्सार ताऱ्याचे, 'टकटक' ऐकवले गेले तर ते आपण लहरींचे आवाजात केलेले रूपांतर आहे, हेही मुलांना आधीच सांगून ठेवावे.

आता प्रत्यक्ष दुर्बिणीविषयी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तेथे आहेत. त्यातील १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत, शेतांमधून पसरलेल्या आहेत. त्या सर्वांचे संकेत प्रकाशीय तंतूंमधून मध्यवर्ती इमारतीत एकत्र आणले जातात. त्यामुळे बारकावे टिपण्याच्या बाबतीत त्या सगळ्या मिळून २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीसारखे काम करतात. मुलांना हे कळावे म्हणून तुमच्या शाळेपासून २५ किलोमीटरवर कोणते गाव येते ते आधी नकाशावर शोधून ठेवा. तेथे उभे राहून 'पंचवीस किलोमीटर' हा शब्द ऐकण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या दोन गावांमधील अंतर मनात असणे फार उपयोगी पडते.

तबकडीजवळ गेल्यावर बहुतेक मुले पहिला प्रश्न विचारतात, की ही तर आरपार दिसते, हिला भोके का आहेत? माझ्या मते खोडदच्या विज्ञान दिनातील सर्वांत मोलाचा प्रश्न हाच आहे. तबकडी भरीव पत्र्याची नाही. पोलादी चौकटींमध्ये तारेचे दोर ताणून त्यांवर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी बसवलेली आहे आणि जाळीची भोके १० ते २० मिलिमीटरची आहेत. ही दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांतील आखूड लहरसुद्धा सुमारे २१ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे भोकाच्या कितीतरी पट मोठी असते. त्या लहरीच्या दृष्टीने ती जाळी भरीव आरशासारखीच आहे. वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे एवढ्या मोठ्या तबकडीवर वाऱ्याचा दाब कमी येतो, सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. ही कल्पना प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. जीएमआरटी उभी राहिली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली. २०२० मध्ये ते गेले. परदेशातील रचना जशीच्या तशी न आणता आपल्याला परवडेल आणि आपल्या हवेत टिकेल अशी रचना शोधणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मुलांना दाखवता येणार नाही.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. तेथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात आणि ते मनापासून पाळावे. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की जवळचा साधा मोबाइलसुद्धा त्यांना झाकोळून टाकतो. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटर दूर, डोंगरांनी वेढलेली ही जागा निवडण्याचे एक मोठे कारण हीच रेडिओ-शांतता होती. फोन बंद करायला लावणे ही शिक्षा नसून आपण त्या प्रयोगात केलेली मदत आहे असे मुलांना सांगितले, तर ती मोठ्यांनाही फोन बंद करायला लावतात, हे मी पाहिले आहे. फेब्रुवारीअखेरचे ऊन कडक असते. टोप्या आणि पाणी घ्या आणि सकाळी शक्य तितक्या लवकर पोहोचा. शाळेचा प्रकल्प मांडायचा असेल तर त्याची नोंदणी आधी करावी लागते. दुर्बीण चालवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीच्या सूचना येतात, त्या पाहूनच ठरवा.

काय सोडावे, तर सगळेच पाहण्याचा हट्ट सोडावा. सहा-सहा मुलांचे सात गट करा, प्रत्येक गटाने तीनच प्रकल्प निवडावेत आणि प्रत्येकापाशी किमान पंधरा मिनिटे थांबावे. ज्या दालनावर मुलांना हात लावू देत नाहीत तेथून सरळ पुढे जावे.

---

निवृत्त अध्यापक, सातारा यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या ३४ वर्षांच्या शिक्षकी अनुभवातून त्यात एकच भर घालतो. कोणत्याही विज्ञानमहोत्सवाला जाणारे मूल स्वतःच्या हाताने काढलेला एखादा आकडा किंवा स्वतःला पडलेला एखादा प्रश्न घेऊन गेले पाहिजे. रिकाम्या हाताने गेलेले मूल प्रेक्षक होते. काही करून गेलेले मूल समोरच्या माणसाशी बरोबरीने बोलू लागते.

यासाठी मी माझ्या वर्गांकडून करून घेत असे तो एक प्रयोग सांगतो. एक लहान सपाट आरसा घ्यावा. त्यावर काळा कागद चिकटवावा आणि कागदाला मधोमध सुमारे पाच मिलिमीटरचे छिद्र पाडावे. आरसा बाहेर उन्हात विटांच्या आधाराने असा ठेवावा की कवडसा उघड्या दारातून अंधाऱ्या वर्गाच्या मागच्या भिंतीवर पडेल. भिंतीवर पांढरा कागद लावावा. तेथे जो गोल दिसतो तो छिद्राचा आकार नसून सूर्याचे बिंब आहे. याची खात्री मुलांना शब्दांनी पटवू नये. छिद्र मुद्दाम त्रिकोणी पाडावे. आरशासमोर अगदी जवळ कागद धरला तर कवडसा त्रिकोणी दिसतो आणि कागद दूर नेत नेत भिंतीपाशी पोहोचेपर्यंत तो गोल होतो. मुले हे पुन्हा पुन्हा करून पाहतात. चौकोनी छिद्र, चांदणीचे छिद्र, सगळ्यांचा शेवटी गोलच होतो. मग कोणीतरी म्हणते, 'सर, म्हणजे हा सूर्यच आहे!' ते वाक्य मुलाच्या तोंडून येईपर्यंत शिक्षकाने गप्प राहावे, हे मला फार उशिरा समजले.

नंतर आरशापासून भिंतीपर्यंतचे अंतर दोरीने मोजावे आणि बिंबाचा व्यास पट्टीने मोजावा. अंतराला व्यासाने भागले की उत्तर १०८ च्या आसपास येते. खोली बदला, अंतर बदला, उत्तर तेवढेच. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे हे पुस्तकात दिलेले असते. त्याला १०८ ने भागले की सूर्याचा व्यास सुमारे १३.९ लाख किलोमीटर निघतो. एक आरशाचा तुकडा, दोरी आणि पट्टी यांच्या साहाय्याने आपण सूर्य मोजला, हे कळल्यावर सातवीतील मुलांचे चेहरे कसे होतात ते मी वर्णन करू शकत नाही. सावधगिरी एकच, पण ती कडक पाळावी : आरशात कोणीही डोकावून सूर्याकडे पाहू नये, कवडसा कोणाच्या डोळ्यांवर पाडू नये आणि आरशापाशी एक मोठे माणूस सतत असावे.

हा प्रयोग विज्ञान दिनाशी जुळतोही. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कोलकात्यात 'रामन परिणाम' या ज्या शोधाची निश्चिती केली, त्या संशोधनाच्या आरंभीच्या निरीक्षणांत त्यांनी आणि त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी सूर्याचाच प्रकाश वापरला होता. रंगीत काचांच्या गाळण्यांमधून प्रकाश पाठवून द्रवातून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग बदलतो का, हे ते पाहत होते. १९३० मध्ये त्या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९८७ पासून आपण हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. 'आपणही सूर्यप्रकाशावरच काम केले' असे मुलांना म्हणता आले तर दिनविशेषाच्या भाषणाची गरज उरत नाही.

---

शिवनेरीच्या पायथ्याशी यांचे उत्तर

मी याच परिसरातील आहे आणि दुर्बिणीच्या वाय आकारातील एका शाखेच्या तबकड्या लहानपणापासून आमच्या शिवारातून पाहत आलो आहे. वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तरी एका मुद्द्यावर मी आदराने वेगळे मत मांडतो.

'तीनच प्रकल्प पाहा, बाकीचे सोडा' हा सल्ला शिक्षकाच्या दृष्टीने योग्य असेल, परंतु आमच्याकडे हा दिवस जत्रेसारखा असतो आणि त्या जत्रेलाही स्वतःची एक किंमत आहे. खोडदजवळचे नारायणगाव म्हणजे तमाशापंढरी. राहुट्या, गर्दी आणि रात्रभर जागणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहिलेली आहेत. तसल्याच उत्साहाने माणसे विज्ञानाच्या ठिकाणी येतात, बैलगाडीच्या काळातील आजोबांपासून कडेवरच्या बाळापर्यंत सगळे घर तबकडीखाली उभे राहून वर पाहते, हे दृश्य मला फार मोलाचे वाटते. मी चौथीत असताना आईवडिलांबरोबर प्रथम गेलो. कोणत्याही दालनापाशी मला पाच मिनिटेसुद्धा थांबता आले नाही आणि समजले तर जवळजवळ काहीच नाही. पण आम्ही कुंपणापाशी असताना एक तबकडी फिरू लागली. रोज शेतातून दिसणारी, स्थिर वाटणारी ती प्रचंड गोष्ट आवाज न करता सावकाश कलत गेली आणि तिची जाळीदार सावली आमच्या अंगावरून पुढे सरकली. वडील शेतकरी, त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ही तबकडी कोणाकडे पाहते आहे, असे त्यांनी शेजारच्या स्वयंसेवकाला विचारले आणि त्या मुलाने हात जोडून, नीट समजावून सांगितले. मी आज विद्युत क्षेत्रात तंत्रज्ञ आहे. त्या दिवशी मला प्रश्नही पडला नव्हता आणि आकडाही काढता आला नव्हता, तरी तो दिवस नसता तर मी या कामात आलो नसतो.

म्हणून ताई, गट जरूर करा, परंतु शेवटचा एक तास मुलांना मोकळे ठेवा. त्यांना भटकू द्या, तबकडीखाली गवतात बसून डबा खाऊ द्या. आणि शक्य असेल तर दोन-चार पालकांनाही गाडीत घ्या. घरी परतल्यावर त्या विषयावर मुलाशी बोलणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.

---

मृगनक्षत्र

आपले म्हणणे मी मान्य करतो. स्वयंसेवक म्हणून टेबलाच्या त्या बाजूला उभे राहिल्यामुळे मला रांगच दिसत राहिली, तबकडीची सावली दिसली नाही. शेवटचा तास मोकळा ठेवावा, ही दुरुस्ती माझ्या उत्तरात धरावी. डबा मात्र जिथे परवानगी असेल तिथेच उघडावा. एवढ्या गर्दीत आयोजकांनी ठरवून दिलेल्या जागा पाळणे आवश्यक असते.

---

कल्याणकर यांचे उत्तर

थोडक्यात लिहितो. गोविंद स्वरूप यांचे नाव वर आले आहे म्हणून मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट. त्यांनी भारतात उभारलेली पहिली रेडिओ दुर्बीण खोडदला नव्हती आणि उटीलाही नव्हती. ती आमच्या कल्याणला होती. ऑस्ट्रेलियात वापरून झालेल्या, सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ छोट्या तबकड्या येथे आणून १९६५ मध्ये त्यांनी सूर्याचे निरीक्षण सुरू केले. त्यानंतर १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी राहिली. ती मुद्दाम अशा डोंगरउतारावर बांधली आहे, की उताराचा कोन तेथील अक्षांशाएवढा, म्हणजे सुमारे ११ अंश, असावा. त्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहतो आणि एकाच दिशेने फिरवून तिला ताऱ्यांचा माग काढता येतो. खोडद त्यानंतरची पायरी. दुसऱ्याने वापरून सोडलेल्या तबकड्यांपासून सुरुवात झाली होती, हे ग्रामीण शाळेतील मुलांना जरूर कळावे, कारण प्रयोगशाळेत साहित्य नाही ही खंत त्यांच्याही वाट्याला येते.

आणखी एक. खोडदचा बेत काही कारणाने हुकला तर निराश होऊ नका. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुक्तांगण विज्ञान शोधिका हे मुलांसाठीचे विज्ञान केंद्र आहे. पु. ल. देशपांडे यांच्या न्यासाच्या देणगीतून तिची इमारत उभी राहिली आणि अरविंद गुप्ता यांनी तेथे अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी करून दाखवली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या जोडून केलेले त्यांचे त्रिकोण-चौकोन तुम्ही गाडीतसुद्धा करून घेऊ शकता. त्रिकोण दाबला तरी हलत नाही आणि चौकोन लगेच कलतो. खोडदच्या तबकडीचा सांगाडा पाहताना त्रिकोण मोजायला मुलांना सांगा.

---

प्रवराकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लावले, कारण आधी करून पाहायचे आणि मग लिहायचे असे ठरवले होते.

आरशाचा प्रयोग गेल्या शनिवारी केला. आमच्या वर्गाची खोली लहान असल्यामुळे अंतर मिळेना. शेवटी आरसा पटांगणात लिंबाच्या पाराजवळ ठेवला आणि समोरच्या खोलीच्या मागच्या भिंतीवर बिंब पाडले. अंतर १३ मीटर भरले आणि बिंब १२ सेंटिमीटर. भागाकार एका मुलाने फळ्यावर केला आणि १०८ हा आकडा उमटताच वर्गात जो आवाज झाला त्याने शेजारच्या वर्गाचे शिक्षक धावत आले. त्रिकोणी छिद्राचा गोल होताना पाहणे मात्र मुलांना भागाकाराहून अधिक आवडले. एका मुलीला वाटले की कागद लांब नेताना आपलाच हात थरथरतो म्हणून कोपरे पुसले जातात. तिने पुठ्ठा पाटावर उभा करून, पाट एकेक पाऊल मागे सरकवत, पुन्हा पाहिले. मी मध्ये काही बोलले नाही.

रेडिओचा प्रयोग त्याहून पुढे गेला. फॉइलमध्ये गुंडाळल्यावर केंद्र गेले आणि खरखर राहिली. 'गाणं आत जातच नाही' हे वाक्य, आपण लिहिले होते अगदी तसेच, आठवीतील एका मुलाने म्हटले. नंतर मी जाळीच्या तबकडीविषयी सांगितले तेव्हा एकीने विचारले, की मग फॉइलऐवजी जाळी चालेल का? दुसऱ्या दिवशी ती घरून पिठाची तारेची चाळण घेऊन आली आणि मी माझ्या घरची आणली. दोन्ही चाळण्या तोंडाला तोंड लावून मध्ये रेडिओ ठेवला. केंद्र पूर्ण गेले नाही. आवाज अडखळू लागला, मधूनच गाणे आणि मधूनच खरखर. चाळण्यांच्या कडा हाताने घट्ट दाबल्या की खरखर वाढते, सैल सोडल्या की गाणे परत येते. फॉइलला भोके नाहीत, चाळणीला तर आहेत आणि तरीही दाबल्यावर फरक पडतो, तेव्हा दोष भोकांचा की कडेच्या फटीचा, यावर वर्गात दोन तट पडले आहेत. मला फटीचा वाटतो, पण मी ते सांगितलेले नाही.

त्यामुळे प्रकल्पाची नोंदणी न करता हाच प्रश्न घेऊन यायचे ठरले आहे. रेडिओ तेथे चालू करणे योग्य नाही हे मुलांनीच सांगितले, म्हणून तो शाळेत राहील. दोन्ही चाळण्या, प्रयोगाची मोठी आकृती आणि कोणी काय पाहिले याच्या नोंदींची वही बरोबर असेल. गट सात केले आहेत आणि शेवटचा तास मोकळा ठेवला आहे. पाच पालक येत आहेत. त्यांत चाळणवाल्या मुलीची आईही आहे, कारण चाळण तिची आहे.